'अँटिगॉनी' की 'अँटनी अँड क्लिओपात्रा': यंदा कोणती शोकांतिका हाती घ्यावी?

प्रेम, सत्ता आणि कर्तव्य यांच्या ओढाताणीवरची अभिजात शोकांतिका वाचायची किंवा बसवायची असेल, तर सोफोक्लीसचं 'अँटिगॉनी' (इ.स.पू. ४४१च्या सुमाराचं) आणि शेक्सपिअरचं 'अँटनी अँड क्लिओपात्रा' (१६०६-०७च्या आसपासचं) ही दोन नाटकं शेजारी ठेवून बघावीत. दहा-बारा जणांचा संच, दोन महिन्यांची तालीम आणि लातूर-परभणी-नांदेडकडचा प्रेक्षक असेल, तर आमचं मत सरळ आहे: 'अँटिगॉनी' घ्या. वाचनगट असेल आणि हाताशी वेळ असेल, तर 'अँटनी' जास्त देऊन जातं.

पसारा

'अँटिगॉनी' साधारण साडेतेराशे ओळींचं. सलग केलं तर दीड तासात होतं. बोलणारी पात्रं नऊ, शिवाय थीब्ज या ग्रीक शहरातल्या म्हाताऱ्यांचा कोरस, म्हणजे एकत्र बोलणारा-गाणारा समूह. मूळचा कोरस पंधरा जणांचा. आपल्याला पाच-सहा पुरतात. स्थळ एकच, राजवाड्याचं दार. त्यामुळे नेपथ्यात एक दरवाजा आणि चार पायऱ्या असल्या की भागतं.

रोमचा सेनापती अँटनी आणि इजिप्तची राणी क्लिओपात्रा यांच्या 'अँटनी'चा पसारा मोठा. प्रचलित आवृत्त्यांत ४२ प्रवेश, त्यातले १३ तिसऱ्या अंकात आणि १५ चौथ्यात. पात्रं तीसच्या वर, काळ इ.स.पू. ४० ते ३०. न कापता केलं तर तीन तासांच्या पुढे जातं. हौशी संच इथे हमखास फसतो, कारण प्रत्येक प्रवेशानंतर अंधार केला जातो आणि तासाभरात प्रेक्षक चुळबुळायला लागतात. १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहात, पहिल्या प्रवेशानंतर अंक-प्रवेशांची विभागणी छापलेलीच नाही. रोमची माणसं बाहेर पडता पडता इजिप्तच्या राजधानीची, अलेक्झांड्रियाची, आत आली पाहिजेत, तरच नाटक पळतं. छाटायचं तर तिसऱ्या अंकातला अँटनीच्या सरदाराचा, व्हेंटिडियसचा, पहिला प्रवेश आधी काढा. अँटनीचा जवळचा सरदार ईनोबार्बस मात्र कापू नका. अँटनीला सोडून गेल्यावर तो पश्चात्तापाने मरतो, आणि अँटनीचा मोठेपणा प्रेक्षकाला त्या मरणातून कळतो.

प्रेम दिसतं कुठे

प्रेमप्रसंगांच्या ओढीने नाटक निवडणाऱ्यांनी हे आधी बघावं: अँटिगॉनी आणि तिचा वाग्दत्त वर हेमॉन (राजा क्रेऑनचा मुलगा) यांचा एकत्र असा एकही प्रवेश नाही. त्याचं प्रेम कळतं ते बापाशी झालेल्या वादातून आणि मग मरणातून. अँटनी आणि क्लिओपात्राही रंगमंचावर कधी एकांतात नसतात. दासी, सरदार, दूत, कुणी ना कुणी बघत असतंच. या दोघांचं प्रेम म्हणजे चारचौघांत चाललेलं राजकारणसुद्धा आहे. पाहणारी माणसं काढून टाकली, तर उरते ती नुसती लाडीगोडी.

'अँटिगॉनी'त काय धरायचं

अँटिगॉनीचा भाऊ पॉलिनाइसीस परकी फौज घेऊन स्वतःच्याच शहरावर चालून आला. तो आणि भाऊ इटिओक्लीस एकमेकांच्या हातून मेले. नवा राजा क्रेऑन फर्मान काढतो: शहरासाठी लढलेल्याला मानाने पुरा, चालून आलेल्याचं प्रेत उघड्यावर राहू द्या. वेढ्यातून नुकत्याच सुटलेल्या शहराच्या राजाचं हे बोलणं त्या दिवशी अनेकांना पटेल असंच आहे. म्हणून क्रेऑन पहिल्या वाक्यापासून ओरडायला लागला, की नाटक तिथेच संपतं. तो खलनायक ठरतो आणि भावाला माती देण्याच्या अँटिगॉनीच्या कर्तव्यासमोर दुसरं कर्तव्यच उरत नाही. फर्मान मोडणारी तीही सोज्वळ देवी नव्हे. सोबत मरायला तयार झालेल्या बहिणीला, इस्मिनीला, ती ज्या तुटकपणे झिडकारते, ते मऊ करू नका.

क्रेऑन तिचा सख्खा मामा, हे आपल्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. लग्नात नवरीला मंडपात आणायचा मान मामाचा. इथे तोच मामा तिला जिवंतपणी गुहेत चिणायला पाठवतो, आणि जाताना ती त्या थडग्यालाच आपली लग्नाची खोली म्हणते. ही दोन वाक्यं नीट ऐकू आली, की सभागृह गप्प होतं. तिथे पार्श्वसंगीत घालू नये.

दुसरी जागा शेवटाची. आंधळा भविष्यवेत्ता टायरिसियस याच्या इशाऱ्याने क्रेऑन हादरतो, तेव्हा कोरस त्याला क्रम सांगतो: आधी मुलीला सोडव, मग प्रेताची सोय कर. क्रेऑन उलटं करतो. तो आधी पॉलिनाइसीसचे अंत्यसंस्कार उरकतो आणि मग गुहेकडे जातो. तोवर अँटिगॉनीने गळफास घेतलेला असतो. हेमॉन बापावर तलवार उगारतो, वार चुकतो, मग तीच स्वतःच्या कुशीत खुपसतो. दूताच्या कथनातून हा क्रम गळला, तर शोकांतिकेचा सांधा निखळतो.

कोरससाठी मराठवाड्यातल्या संचाकडे तयार साधन आहे. क्रेऑन निघाल्यावर आणि दूत येण्याआधी कोरस शहराच्या देवाला, डायोनायसिसला, अनेक नावांनी हाक मारून बोलावतो. आपल्या गोंधळात तुळजापूरच्या भवानीला आणि ठिकठिकाणच्या दैवतांना 'गोंधळा ये' म्हणून बोलावतात, नेमकी तीच रीत. इथे संबळ पूर्ण ताकदीने वाजू द्या. आता सगळं सावरेल अशी आशा प्रेक्षकाला वाटली पाहिजे, कारण लगेच दूत आत येतो. मात्र प्रत्येक कोरसगीताला संबळ लावलात, तर या जागेचं बळ जातं. पहारेकऱ्याला बोली द्या: "मालक, पळत नाही आलो म्या, वाटंत धा डाव थांबलो." मूळातही तो घाबरून रेंगाळत आलेला साधा माणूस आहे. त्याच्यावर प्रेक्षक हसले तर चालतं, मात्र त्याने हशा वसूल करत बसू नये.

'अँटनी'त कुठे अडतं

इथे कर्तव्य दूर रोममध्ये आहे आणि ते दूतांच्या तोंडून येतं. अँटनी प्रत्येक वेळी दोन्हीकडे 'हो' म्हणतो. बायको फुल्व्हिया मेल्यावर राजकारणासाठी सीझरच्या बहिणीशी, ऑक्टेव्हियाशी, लग्न करतो आणि पुन्हा इजिप्तला परततो. ॲक्टियमला, सीझरशी झालेल्या लढाईत, सैनिक जमिनीवर लढा म्हणून विनवतात, तो समुद्रावर लढतो. क्लिओपात्राची जहाजं वळतात आणि तो त्यांच्यामागे जातो.

सगळ्यात अवघड आहे त्याचं मरण. क्लिओपात्रा मेल्याची खोटी बातमी येते. तो आपल्या सेवकाला, इरॉसला, मला मार म्हणतो, इरॉस स्वतःलाच मारून घेतो. मग अँटनी तलवारीवर पडतो आणि तरीही मरत नाही. घाईत केलं तर लोक हसतात. आत आलेले पहारेकरी त्याला संपवायला नकार देतात, तिथे पुरेसा वेळ घ्या. पुढे त्याला क्लिओपात्राच्या स्मारकावर वर ओढून घ्यायचं असतं. पाच फुटी मजबूत लेव्हल (रंगमंचावरचा उंच चौथरा), काखेतून घेतलेलं जाड कापड आणि वर ओढणाऱ्या तिघी-चौघी लागतात. ही तालीम दुसऱ्या आठवड्यापासून करा, रंगीत तालमीवर ढकलू नका. पकडलं जाण्याच्या भीतीने ती खाली उतरत नाही. प्रियकर मरत असतानाही ती राणी आहे, हे त्या नकारात दिसायला हवं. पाचवा अंक पूर्ण तिचा. नखरे करणारी नटी नको, जिंकून आलेल्या ऑक्टेव्हियस सीझरशी वाटाघाटी करू शकणारी हवी. तशी अभिनेत्री संचात नसेल, तर हे नाटक घेऊ नये.

नावं बदलायची का?

गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'चं 'झुंझारराव' केलं. 'अँटिगॉनी'चं तसं होऊ शकतं. एखाद्या गढीवर ही कथा सहज बसते. 'अँटनी'चं अवघड, कारण रोम आणि इजिप्त यांच्यातलं अंतर हेच त्या नाटकाचं कथानक आहे.

ठरत नसेल तर दोन वाचनं करा. एका संध्याकाळी क्रेऑन-हेमॉनचा वाद: हेमॉन आदराने, खालच्या आवाजात सुरुवात करतो, आणि शहर काय एकट्या माणसाचं असतं का इथवर येतो. दुसऱ्या दिवशी 'अँटनी'च्या दुसऱ्या अंकाचा पाचवा प्रवेश: अँटनीच्या लग्नाची बातमी आणणाऱ्या दूताला क्लिओपात्रा मारते, धमकावते, पुन्हा बोलावून घेते. पहिल्यात दोन नट तोलाचे निघाले, तर 'अँटिगॉनी'ची तारीख धरा. दुसऱ्यात एकीने सगळ्यांना खिळवून ठेवलं, तर 'अँटनी'चे वीसेक प्रवेश निवडायला बसा.