अकराशे रुपयांत गाडीचा विमा होतो म्हणाला, आणि आम्ही उतरवला

घरात नुकती कुणी दुचाकी घेतली असेल, तीही सेकंडहँड, आणि तिचा विमा ओळखीच्या एखाद्या माणसाकडून व्हॉट्सॲपवर आला असेल, तर कृपया हे वाचा. कॉलेजातल्या मुलांच्या आईवडिलांनी तर वाचाच. आमची फसवणूक अकराशे रुपयांची झाली. त्या अकराशेपायी आत्तापर्यंत पावणेदोन लाख गेले, आणि अजून किती जातील ते न्यायाधिकरण ठरवेल.

आम्ही साताऱ्याचे. मी एका पतसंस्थेत लिपिक आहे. वडील जाऊन सात वर्षं झाली. घरात आई, मी आणि धाकटा भाऊ. त्याचं कॉलेज शहराबाहेर. एक एसटी चुकली की पहिला तास बुडायचा, म्हणून जून २०२५ मध्ये आमच्याच गल्लीतल्या एका काकांकडून २०१९ची १६० सीसीची मोटरसायकल घेतली. काका सज्जन, गाडी नीट ठेवलेली. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी भावाच्या नावावर करायला टाकताना लक्षात आलं की तिला विमाच नाही.

यात काकांची लबाडी नव्हती. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा, एकदमच घ्यावा लागतो. पाच वर्षं माणसाला त्याकडे बघावं लागत नाही, आणि मुदत संपते तेव्हा ते डोक्यातूनच गेलेलं असतं. या गाडीचा विमा २०२४ मध्येच संपला होता आणि काका वर्षभर तसेच फिरत होते. २०१९-२०२०च्या सुमाराची गाडी घेत असाल तर टायर आणि इंजिन बघण्याआधी हे बघा. पॉलिसी चालू असली तरी गाडी नावावर झाल्यापासून चौदा दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसीही आपल्या नावावर करून घ्यायची असते, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

भावानं ऑनलाइन दर बघितले. फर्स्ट पार्टी, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही धरून, तीन हजारांच्या पुढे. नुसता थर्ड पार्टी आणि मालकाचा अपघात विमा मिळून दोन हजारांच्या घरात. गाडीत नुकतेच पैसे घातलेले, त्यात त्याची फी तोंडावर, म्हणून दोन हजारही जड वाटले. त्यानं इंग्लंडमधल्या तरुण बाइकवाल्यांचे व्हिडिओ बघितले होते. तिकडे कमी वयाच्या, नवशिक्या चालकाला विमा फार महाग पडतो. आपल्यालाही वय कमी म्हणूनच जास्त पैसे लावतायत, अशी त्याची समजूत झाली. "ताई, माझ्या वयामुळं आहे हे," असं तो मलाही सांगायचा आणि मला ते पटायचं.

एजंटानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. कॉलेजच्या रस्त्यावर एका झेरॉक्सच्या दुकानात तो टेबल टाकून बसायचा. भावाच्या वर्गातल्या एका मुलानं त्याच्याकडूनच विमा काढला होता, त्यामुळे ओळख होतीच. मी स्वतः गेले होते. बोलायला गोड, घाई नाही, समोर दोन-तीन मोठ्या विमा कंपन्यांची कॅलेंडरं लावलेली. म्हणाला, "ताई, नवीन पोरांना कंपन्या जास्तच लावतात. पण आपल्याकडं स्टुडंट स्कीम आहे, अठरा ते पंचवीस वयाला. अकराशेत होऊन जाईल. पंधरा लाखांच्या अपघात विम्यासकट."

मी पैसे फोनवरून पाठवले तेव्हा समोर कंपनीचं नाव न येता त्याचं स्वतःचं नाव आलं. मी विचारलंही. "सर्व्हर स्लो आहे, मी माझ्या खात्यातनं भरतो, तुमचा वेळ कशाला घालवायचा," म्हणाला. पंधरा मिनिटांत पॉलिसीची पीडीएफ आली. कंपनीचं बोधचिन्ह, भावाचं नाव, आमचा पत्ता, एमएच ११चा आमचा नंबर, इंजिन नंबर, चासी नंबर, सगळं जागेवर. खाली क्यूआर कोड. मी तो स्कॅन करून बघितला! कंपनीचीच वेबसाइट उघडली आणि पॉलिसी चालू असल्याचं दिसलं. मी निश्चिंत झाले. तिथं वाहन क्रमांकही लिहिलेला होता. तो मी वाचला नाही.

सप्टेंबरमधली संध्याकाळ. पाऊस नुकता थांबला होता. वाढे फाट्याजवळ पुढच्या स्कूटरनं वेग कमी केला, भावानं ब्रेक उशिरा दाबला आणि गाडी घसरत जाऊन स्कूटरवर आदळली. चूक भावाची होती. स्कूटरवरचे आजोबा साठीच्या पुढचे, भाजीचा धंदा करणारे. मांडीचं हाड मोडलं. भावाला खरचटण्यावर निभावलं. त्यानंच रिक्षा थांबवून त्यांना दवाखान्यात नेलं, त्यांच्या मुलाला फोन लावला आणि मग मला. पहिलं वाक्य होतं, "ताई, विमा आहे ना आपला?" मी म्हटलं, "आहे रे, तू त्यांच्याजवळ थांब."

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात कागद दाखवले. हवालदारांनी गाडीचा नंबर टाकून बघितलं आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. विम्याची मुदत २०२४ मध्ये संपलेली. मी पीडीएफ दाखवत राहिले, क्यूआर स्कॅन करून दाखवला. ते शांतपणे म्हणाले, "कंपनीत जाऊन लेखी आणा."

कंपनीच्या कार्यालयात ज्या बाईंनी मला ऐकून घेतलं त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी पॉलिसी नंबर टाकला. नंबर खरा होता. पण ती पॉलिसी लातूरकडच्या पासिंगच्या एका जुन्या मोपेडची होती, मालक कुणी भलतेच. त्या पीडीएफवरचं नाव आणि गाडीचे नंबर खोडून आमचे घातले होते. क्यूआर कोड मूळचाच ठेवला होता, म्हणून तो स्कॅन केल्यावर कंपनीच्या साइटवर खरी पॉलिसी दिसायची, फक्त दुसऱ्याची.

मग त्यांनी हप्त्याच्या चौकटीवर पेन टेकवलं. थर्ड पार्टीच्या ओळीत ५३८ रुपये. म्हणाल्या, "मॅडम, हा ७५ सीसीच्या आतल्या गाडीचा दर आहे. तुमच्या गाडीला तो लागूच शकत नाही." खालची बेरीज बदलून अकराशे केली होती, वरचा आकडा तसाच राहिला होता. ५३८वर १८ टक्के जीएसटी धरला तर ६३५ होतात, आणि उरलेल्या रकमेचा हिशोब त्या कागदावर कुठेच बसत नव्हता. मी रोज संध्याकाळी पै-पैचा मेळ घातल्याशिवाय कॅश बंद करत नाही. घरच्या कागदावरच्या चार ओळींची बेरीज मी केली नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

त्या दिवशी त्या बाईंनी जे सांगितलं, ते आधी ठाऊक असतं तर एजंटाचं पहिलं वाक्य ऐकूनच मी उठले असते. आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेले दर आम्ही विमा घेतला तेव्हाही चालू होते: ७५ सीसीपर्यंत ५३८, त्यापुढे १५० सीसीपर्यंत ७१४, १५० ते ३५० सीसीला १,३६६ आणि त्याहून मोठ्या गाडीला २,८०४ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. सगळ्या कंपन्यांना हाच दर. यात चालवणाऱ्याचं वय येत नाही, किती वर्षं चालवतो ते येत नाही, विद्यार्थी आहे की नोकरदार तेही येत नाही. आमच्या १६० सीसीच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमाच जीएसटी धरून १,६१२ रुपयांचा. अपघात विमा धरून तो अकराशेत देणारा माणूस खरी पॉलिसी देऊच शकत नव्हता. स्टुडंट स्कीम नावाची गोष्टच नव्हती.

परतताना मी त्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. टेबल होतं, कॅलेंडरं होती, माणूस नव्हता. "महिना झाला, भाडं बुडवून गेला," दुकानदार म्हणाले. फोन बंद.

भावानं वर्गात विचारपूस केली. आणखी तिघांनी त्या एजंटाकडून विमा काढला होता. आम्ही एकेकाचा गाडी नंबर टाकून बघितला. दोघांचे खोटे निघाले. तिसऱ्याचा, म्हणजे ज्यानं भावाला एजंटाचं नाव सांगितलं होतं त्याचा, विमा अगदी खरा होता. याचा मी बरेच दिवस विचार केला. काहींना खरी पॉलिसी दिल्यामुळेच त्याचं नाव चांगलं राहिलं, आणि एकानं चांगला अनुभव सांगितला की बाकीचे बिनधास्त जात राहिले. "माझ्या मित्राचा विमा त्यानंच काढलाय" ही खात्री धरू नका. तुमच्या गाडीचं काय, तेवढंच बघा.

बघायला दोन मिनिटं लागतात. एमपरिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या साइटवर आपल्या गाडीचा नंबर टाका. विमा कंपनीचं नाव आणि मुदत तिथं दिसते. नवी पॉलिसी तिथं चढायला थोडे दिवस लागू शकतात, पण महिना उलटूनही जुनीच तारीख दिसत असेल तर थांबू नका. शोध गाडीच्या नंबरावरून घ्या. पॉलिसी नंबरावरून किंवा क्यूआरवरून घेतलात तर जे उघडेल त्यातला वाहन क्रमांक आणि चासी नंबर आपल्या आरसीशी, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाशी, ताडून बघा. खऱ्या पॉलिसीचा मेसेज तुम्ही दिलेल्या मोबाइलवर कंपनीकडून येतो. आम्हाला एकही मेसेज आला नव्हता आणि मी त्याची वाटही बघितली नव्हती. पैसे कंपनीच्या लिंकवर किंवा कंपनीच्या नावानं द्या. हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय तिची जबाबदारी सुरू होत नाही, हे विमा कायद्यातच आहे.

स्वस्ताच्या शोधात असाल तर खरी बचत कुठं आहे ते सांगते, कारण आमच्यासारख्या घराला दोन हजारही मोजावे लागतात. गाडी निवडतानाच १५० सीसीच्या आतली घेतली असती तर थर्ड पार्टी जीएसटीसकट ८४३ रुपयांत झाला असता, जवळजवळ निम्म्यात. मालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा माणसामागे एक पुरतो. तेवढ्या रकमेचा आधीपासून असेल तर तो दुसऱ्यांदा घ्यायची सक्ती नाही. सरकारी विमा कंपन्यांच्या साइटवरूनही पॉलिसी थेट घेता येते, मधे कुणी लागत नाही. कंपनीनुसार दर बदलतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, तिथं चार ठिकाणी विचारा. पण सेकंडहँड गाडीवर कुणी "पन्नास टक्के नो क्लेम बोनस लावून देतो" म्हणाला तर नको म्हणा. दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी ही सूट जुन्या मालकाची असते, गाडीबरोबर येत नाही. ती खोटी दाखवून हप्ता कमी केला तर पॉलिसी खरी असूनही दाव्याच्या वेळी अडवली जाते.

आता आमचं. कंपनीनं लेखी दिलं की या गाडीला आम्ही विमा दिलेला नाही. त्या पत्रावर, व्हॉट्सॲपवरच्या बोलण्यावर आणि पैसे गेल्याच्या बँकेच्या नोंदीवर मी एजंटाविरुद्ध तक्रार दिली. पूर्वीचं चारशे वीस म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं ३१८, आणि बनावट कागदाची कलमं वेगळी. भावावर अपघाताची केस आहे ती आहेच. विमा नसल्याचा दंड पहिल्या वेळी दोन हजार, तो यात सगळ्यात लहान. आजोबांच्या पायात रॉड घातला, त्याचं बिल आम्ही भरलं. माझी आरडी त्यातच मोडली. त्यांच्या मुलानं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावला आहे. तो त्यांचा हक्क आहे. पावसाळ्याचे शेवटचे दिवस आणि दिवाळी, त्यांच्या धंद्याचे दोन्ही हंगाम गेले. विमा असता तर जखमी माणसाची भरपाई, कितीही असली तरी, कंपनीनं दिली असती. आता ती आम्हाला द्यायची आहे, आणि आमच्याकडे पगाराशिवाय काही नाही. हे त्या आजोबांनाही कळतं. म्हणजे त्या खोट्या कागदानं त्यांनाही फसवलं.

गाडी ठाण्याच्या आवारात आहे. विमा नसलेली गाडी भरपाईची हमी दिल्याशिवाय सोडत नाहीत, आणि ती सोडवायची घाई आम्हाला नाही. भाऊ एसटीनं जातो. दर रविवारी आजोबांकडे जाऊन बसतो. पहिले काही रविवार कुणी त्याच्याशी बोललं नाही. आता ते त्याला चहा देतात.

साताऱ्यात किंवा आसपास कुणी झेरॉक्सच्या दुकानात बसणाऱ्या एजंटाकडून "स्टुडंट स्कीम"चा विमा घेतला असेल, तर आज गाडीचा नंबर टाकून बघा. विमा दिसला नाही, तर आधी गाडी घरी लावा आणि खरी पॉलिसी घ्या, मग पोलीस ठाण्यात अर्ज द्या. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. आमच्या तक्रारीला त्या दोन मुलांचे अर्ज जोडले गेले, तेव्हा तपासाला जरा वेग आला. आणखी कुणी अर्ज देणार असेल तर कंपनीच्या पत्राची नक्कल घेऊन मी बरोबर येईन. रविवार सोडून कोणत्याही दिवशी, सहानंतर.