काकेबोची वही विद्यार्थ्याच्या हाती: काय चालतं, काय बदलावं लागतं

काकेबो ही घरखर्च लिहायची जपानी वही. पत्रकार हानी मोतोको यांनी ती १९०४ साली आणली. पुढे १९२१ मध्ये याच बाईंनी पतीसोबत तोक्योत जियू गाकुएन ही शाळाही काढली. आज ही वही बऱ्याच भाषांत आणि बऱ्याच प्रकाशकांच्या छापांत मिळते. पैशाची शिस्त लागेल आणि जमलं तर अभ्यासही सुधारेल, या आशेने पालक ती चौदा ते अठरा वयाच्या मुलांना घेऊन देतात. पहिली अपेक्षा वही बऱ्यापैकी पुरी करते. दुसरी एकाच वाटेने पुरी होऊ शकते, आणि ती वाट वहीत छापलेली नसते, स्वतः आखून घ्यावी लागते.

रचना सोपी आहे. महिन्याच्या पहिल्या पानावर हाती येणारी रक्कम लिहायची, ठरलेले खर्च वजा करायचे, बचत आधीच बाजूला काढायची आणि जे उरेल तेवढ्यात महिना भागवायचा. रोजचा खर्च गरज, इच्छा, संस्कृती आणि अनपेक्षित अशा चार रकान्यांत जातो. महिनाअखेरीस चार प्रश्न असतात: किती होते, किती वाचवायचे होते, किती गेले, पुढच्या वेळी काय बदलायचं. सगळं हाताने लिहायचं, आणि विद्यार्थ्यासाठी हीच या वहीची खरी ताकद आहे. खर्च लिहिताना तो ‘गरज’ की ‘इच्छा’ हे ठरवायला क्षणभर थांबावं लागतं. आपोआप वर्गवारी करणाऱ्या ॲपमध्ये तो क्षणच उरत नाही.

आता त्रुटी. सगळ्यांत आधी आठवड्याचं गणित. बहुतेक छापांत महिन्याची शिल्लक भागिले चार असं करायला सांगतात. समजा महिन्याला १००० मिळतात, २०० बचत, ३५० ठरलेले खर्च, उरले ४५०. चाराने भागलं तर आठवड्याला साधारण ११२ येतात, पण २८ दिवसांत पैसे संपतात आणि ३० दिवसांच्या महिन्यात शेवटचे दोन दिवस कोरडे जातात. त्या दोन दिवसांसाठी मुलं मित्राकडून उसने घेतात, पुढचा महिना तुटीने सुरू होतो आणि वहीवरचा विश्वास उडतो. उपाय सरळ आहे: ४५० भागिले ३०, म्हणजे रोजचे १५, आठवड्याचे १०५. छापलेल्या सूत्रावर काट मारून हे सूत्र पहिल्याच दिवशी लिहून ठेवावं.

‘अनपेक्षित’ हा रकाना विद्यार्थ्यांच्या हाती सर्वांत जास्त बिघडतो. परीक्षेची फी, सहलीची वर्गणी, प्रकल्पाचं सामान, कॅल्क्युलेटर, अर्जाचे पैसे हे सगळं त्यात कोंबलं जातं. यातलं खरोखर अनपेक्षित काहीच नसतं, कारण तारखा बहुतेक वेळा सत्राच्या सुरुवातीलाच कळलेल्या असतात. म्हणून वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर शालेय वर्षाचा तक्ता आखावा: तारीख, कशासाठी, रक्कम, उरलेले आठवडे, दर आठवड्याची वाटणी. फी ६०० आहे आणि २० आठवडे आहेत, तर आठवड्याला ३०. हे ३० ‘ठरलेले खर्च’ या खात्यात जातात आणि शक्यतो वेगळ्या पाकिटात किंवा वेगळ्या खात्यात ठेवले जातात. एकाच पाकिटात ठेवले तर ते खर्च होतातच. ‘अनपेक्षित’मध्ये मग चप्पल तुटणं, चार्जर हरवणं एवढंच उरतं. आठवड्याच्या रकमेचा दहावा भाग त्याला पुरतो.

‘संस्कृती’ या रकान्याचीही गल्लत होते. मूळ कल्पना पुस्तकं, नाटक, प्रदर्शनं अशी. मुलं त्यात गेममधली खरेदी आणि गाण्यांची वर्गणीही घालतात, आणि सराव प्रश्नसंच कुठे लिहायचा ते कळत नाही. त्या जागी ‘शिक्षण’ असं लिहून टाकावं: नेमलेलं पाठ्यपुस्तक ‘गरज’मध्ये, आपण होऊन घेतलेला प्रश्नसंच ‘शिक्षण’मध्ये, बाकी करमणूक निमूट ‘इच्छा’मध्ये. ही विभागणी केली की दोन महिन्यांत एक गोष्ट दिसायला लागते: घेतलेले पण न सोडवलेले प्रश्नसंच. वर्षाच्या सुरुवातीला उत्साहात तीन-तीन संच घेतले जातात. तो खर्च चांगल्या कारणाचा वाटतो म्हणून कुणी हटकत नाही.

अभ्यासासाठी सर्वांत उपयोगी रकाना मात्र वहीत नाहीच. तो म्हणजे तास. सुटीच्या दिवशी किंवा संध्याकाळी काम करून पैसे मिळवणाऱ्या मुलांनी प्रत्येक मोठ्या ‘इच्छे’पुढे ती किती तासांची आहे ते लिहावं. तासाला ६० मिळत असतील तर ९०० ची वस्तू १५ तासांची होते. परीक्षेला तीन आठवडे असताना हे १५ तास कोणत्या संध्याकाळींतून येणार, तेही शेजारी लिहायचं. बहुतेकदा उत्तर ‘परीक्षेनंतर’ असंच येतं. ते घरच्यांनी सांगितलेलं नसतं, आकड्यांनी सांगितलेलं असतं, त्यामुळे मुलांना ते पटतं. काम न करणाऱ्या मुलांनी तासांऐवजी आठवडे लिहावेत: हातखर्चाच्या किती आठवड्यांची ही वस्तू आहे.

गुण वाढतात का, या प्रश्नाचं उत्तर जपून द्यायला हवं, कारण विकणारे ते जपून देत नाहीत. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या पिसा या शालेय चाचणीत २०१२ पासून काही देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांची आर्थिक साक्षरताही तपासली जाते. पहिल्या फेरीत तिचा गणिताशी सहसंबंध सुमारे ०.८३ आणि वाचनाशी ०.७९ आला (१ म्हणजे पूर्ण जुळणी). म्हणजे गणित आणि वाचन पक्कं असलेली मुलं पैशाचे प्रश्नही बरे सोडवतात. वही लिहिली म्हणून गणित सुधारलं, असं त्यातून निघत नाही. मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००५ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात वार्षिक गुणांमधला फरक बुद्ध्यंकापेक्षा स्वयंशिस्तीने दुपटीहून जास्त उलगडला. नेमाने वही लिहिणारं मूल नेमाने अभ्यासही करत असेल, तर दोन्हींच्या मागे हीच शिस्त असू शकते.

तरीही एक दुवा भक्कम वाटतो. २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांची आकलन चाचणी काढणीआधी, म्हणजे पैशाची चणचण असताना, काढणीनंतरपेक्षा कमी भरली होती. माणसं तीच होती. ते प्रौढ होते, विद्यार्थी नव्हते, हे विसरू नये. पण परीक्षेच्या आठवड्यात फी भरायची राहिली आहे, मित्राचे पैसे द्यायचे आहेत आणि कामाची जास्तीची पाळी करावी लागणार आहे, अशा मुलाचं डोकं कुठे गुंतलेलं असतं हे शिक्षकांना रोज दिसतं. वहीने तो गुंता आधीच्या महिन्यात सोडवता येतो. तिच्याकडून अभ्यासासाठी एवढंच मागावं आणि एवढंच मोजावं. सत्र संपल्यावर वहीत पाहावं: परीक्षेच्या आधीच्या तीन आठवड्यांत किती वेळा उसने घेतले आणि किती तास जास्तीचं काम केलं. हे दोन आकडे मागच्या सत्रापेक्षा उतरले असतील तर वही कामाची ठरली.

वेळ किती जातो? रोज दोन मिनिटं, आठवड्याला पंधरा, महिनाअखेरीस अर्धा तास. मोबाइलवरून केलेला खर्च हातातून नोट जात नसल्याने लक्षातच राहत नाही, म्हणून आठवड्याच्या बैठकीत खात्यावरचे व्यवहार वहीशी एकेक करून जुळवावेत. तीन-चार दिवस लिहायचं राहिलं की मुलं वहीच सोडून देतात. अशा वेळी आठवून आठवून लिहायला बसू नये. हातातली आणि खात्यातली रक्कम मोजावी, फरक ‘न सापडलेला खर्च’ म्हणून एका ओळीत लिहावा आणि आजपासून पुढे चालू करावं. परीक्षेच्या आठवड्यात रकाने सोडून फक्त दिवसाची बेरीज लिहिली तरी पुरे. आणि पालकांनी परवानगीशिवाय वही उघडू नये. तपासणी सुरू झाली की खरे आकडे बंद होतात.

पर्यायांबद्दल थोडक्यात. स्प्रेडशीट दुसऱ्या वर्षासाठी उत्तम. तोवर वर्गवारी पक्की झालेली असते. तिथे दोन चुका ठरलेल्या: रकमेपुढे ‘रोख’ वगैरे शब्द टाइप केला की तो आकडा मजकूर समजला जातो आणि बेरजेत धरला जात नाही, आणि दिवस-महिना उलटे पडले की मासिक बेरीज चुकते. पाकीट पद्धतीची, म्हणजे प्रत्येक खर्चाची रक्कम आधीच वेगळी काढून ठेवणारी ॲप चांगली आहेत, पण मोबाइल उघडला की हिशोबाआधी दुसरंच काही उघडलं जातं. शिवाय सेवा बंदही पडते: मिंट हे लाखो लोकांचं हिशोबाचं ॲप मार्च २०२४ मध्ये बंद झालं.

घ्यायचीच असेल तर तारखा न छापलेली वही घ्या. जानेवारीपासून सुरू होणारी वही शालेय वर्षाशी जुळेलच असं नाही आणि काही पानं कोरी जातात. पान सपाट उघडतं का ते पाहा. घट्ट बांधणीत आतल्या रकान्यात लिहिताच येत नाही आणि तोच रकाना रिकामा राहतो. रोजच्या पानावर किमान सहा ओळी आणि शेवटी आठ-दहा कोरी पानं हवीत. महिन्याला दहा-बाराच व्यवहार होत असतील तर ही वही घेऊ नका, साध्या रेघी वहीत उभ्या चार रेषा मारल्या तरी हेच काम होतं.