शब्दाची जात कोण ठरवणार: आकडेमोड की नियम?

मराठीतून हिंदीत भाषांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरपुढे 'काढा' आला की पंचाईत! 'काढा प्या' म्हटलं तर नाम, 'पाणी काढा' म्हटलं तर क्रियापद. अपर्टियमसारख्या मुक्त भाषांतर-प्रणालीत यासाठी आकडेमोड आणि नियम अशा दोन्ही वाटा आहेत.

आकडेमोडीची वाट म्हणजे हिडन मार्कोव्ह मॉडेल. हे संभाव्यतेवर चालणारं मॉडेल शेजारच्या शब्दांच्या जाती पाहून सर्वांत संभाव्य मालिका निवडतं. मात्र नीट शिकायला प्रत्येक शब्दाची जात हाताने नोंदवलेला भरपूर मजकूर हवा.

दुसरी वाट नियमांची. भाषाशास्त्रज्ञ फ्रेड कार्लसन यांनी १९९०मध्ये मांडलेल्या कन्स्ट्रेंट ग्रामरमध्ये नियम आपणच लिहायचा: लगेच पुढे क्रियापद असेल, तर 'काढा'चा क्रियापद हा पर्याय वगळा. चूक सापडते, दुरुस्तही होते. नियम लिहिणं वेळ मात्र खातं. असा नोंदवलेला मजकूर तुटपुंजा असेल तर मी हेच घेईन. ('काढा काढा' म्हणणारा वैद्य भेटला, तर दोघांचीही परीक्षा!)