एकाच घरात तारा आणि अलाइनर : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

मुलगी नववीत, तिला धातूच्या तारा. मी चाळिशीची, मला पारदर्शक अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायचे, काढता येणारे प्लास्टिकचे ट्रे. दुखणं दोघींचं एकच, दातांची दाटी. तिचे वरचे सुळे जागा न मिळाल्याने उंचावर हिरडीपाशीच बाहेर आलेले, माझे खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले. दोन्ही उपचार रोज शेजारीशेजारी बघते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

काय निवडायचं हे आपण दिसण्यावरून ठरवतो. माझं मत आता वेगळं आहे. दात कुठल्या दिशेने आणि किती सरकवायचाय, यावर ते ठरायला हवं. वर अडकलेला सुळा खाली ओढणं किंवा गोलसर उपदाढ जागच्या जागी फिरवणं, ही कामं तारेला जास्त चांगली जमतात. ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायचा छोटा तुकडा, दाताला चिकटलेलं असतं, तार त्याला धरून ओढते. अलाइनर बाहेरून दाबतो. गोल दातावर त्याची पकड निसटते. म्हणून दाताच्याच रंगाचे कंपोझिटचे बारीक उंचवटे चिकटवतात, त्यांना अटॅचमेंट म्हणतात. ते माझ्याही दातांवर आहेत आणि जवळून पाहिलं तर दिसतात.

जागा करण्यासाठी मुलीच्या वरच्या दोन उपदाढा काढाव्या लागल्या. माझं काम दातांच्या कडा घासून भागलं. दोन दातांमधून बारीक पट्टी फिरवून साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटर इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) काढतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण भूल लागली नाही आणि दुखलंही नाही.

तारेची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे ती काढता येत नाही. सुरुवातीची निकेल-टायटॅनियमची बारीक तार वाकवून बसवली तरी मूळ कमानीत परतायला बघते आणि त्या ओढीने दात सरकत राहतात. मुलगी शाळेत असो की झोपलेली, काम चालूच. तार बदलली की दोन-तीन दिवस मऊ खिचडी नाहीतर वरणभात. टोक गालाला टोचलं की मेण लावायचं. चिक्की, ऊस, कणसाचा चावा बंद. ब्रॅकेट निघालं तर जादा फेरी होते आणि उपचार लांबतो. हळदीने ब्रॅकेटवरची पारदर्शक रबरं लगेच पिवळी पडतात, म्हणून ती गडद निळी मागून घेते. ब्रशिंगसाठी मात्र रोज तिच्या मागे लागावं लागतं. ब्रॅकेटभोवती अन्न साचलं तर दातावर पांढरे डाग उमटतात आणि तारा काढल्यावरही ते राहू शकतात. तारेखालून फिरणारा छोटा ब्रश घ्याच.

अलाइनर दिवसाचे २० ते २२ तास तोंडात हवा. उरलेल्या वेळात जेवण, नाश्ता, चहा आणि दर वेळी दात घासणं. लावलेला असताना फक्त पाणी. गरम चहाने ट्रे वाकू शकतो, रंगही धरतो. ऑफिसातला चार वाजताचा चहा, दिवाळीत येता-जाता तोंडात टाकलेली चकली, हळदीकुंकवाला गेल्यावरचा आग्रह, हे सगळं मोजूनमापून करावं लागतं. दर एक-दोन आठवड्यांनी नवा ट्रे, आणि एका ट्रेमध्ये दात साधारण पाव मिलिमीटरच सरकतो. तास कमी पडले की पुढचा ट्रे नीट बसत नाही, दाताच्या टोकाशी फट दिसते. हॉटेलात काढलेला ट्रे कागदी रुमालात गुंडाळू नका, ताटाबरोबर कचऱ्यात जातो. डबी जवळच ठेवा.

खर्च माझा तिच्या दुपटीहून जास्त आला. तरी माझ्यासाठी पुन्हा अलाइनरच घेईन, कारण दाटी मध्यम होती आणि दात नेहमीसारखे घासता येतात. शाळकरी मुलाची दाटी जास्त असेल तर माझं मत ठामपणे तारांना.

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. ठरलेले ट्रे संपूनही दात नीट आले नाहीत, तर पुन्हा स्कॅन आणि नवे ट्रे त्याच रकमेत मिळतात का? आणि रिटेनरचे, म्हणजे उपचारानंतर दात नव्या जागी धरून ठेवणाऱ्या साधनाचे, पैसे वेगळे आहेत का? रिटेनर दोन्ही उपचारांत लागतोच. हिरडीतले तंतू दाताला जुन्या जागेकडे ओढत असतात, आणि रात्रीचा रिटेनर सोडला की खालचे पुढचे दात परत एकमेकांवर चढायला लागतात.

घरी माप घेऊन कुरियरने ट्रे मागवायच्या फंदात पडू नका. चाळिशीत हिरड्यांचा आजार लपलेला असू शकतो, हाड झिजलेलं असू शकतं. ते एक्स-रेशिवाय कळत नाही, आणि अशा हाडात दात सरकवला तर तो हलायला लागू शकतो. एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा आणि आधी पूर्ण तपासणी करून घ्या.