स्टाँटन नमुन्याचा बुद्धिबळाचा लाकडी संच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

राजा ९५ मिलिमीटर, पांढरी मोहरी बॉक्सवुडची, काळी शिसमची, पटाचं घर ५५ मिलिमीटर. फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) शिफारशीतही राजा साडेनऊ सेंटिमीटर आणि घर पाच ते सहा सेंटिमीटर आहे. वापर आठ महिने, निम्मे डाव ब्लिट्झचे, म्हणजे काही मिनिटांत संपणारे.

घोडा बघून संच घेऊ नका, बूड बघा. दुकानात सगळ्यांचा हात आधी घोड्याकडे जातो. तो हाताने कोरलेला असतो आणि संचाची बरीचशी किंमत त्यातच असते. पण खेळताना कामाला येतं ते बुडाचं वजन आणि रुंदी. राजाचं बूड ४३ मिलिमीटरच्या आसपास हवं, म्हणजे घराच्या पाऊण भागाहून थोडं जास्त. एका घरात चार प्यादी बसली की प्याद्याचं माप जमलं. राजा थोडा तिरपा करून सोडा, तो आपोआप उभा राहिला पाहिजे. मग कानाशी धरून हलवा. आतून खडखडलं तर बुडात बसवलेलं धातूचं वजन सुटलंय, संच परत करा.

ही रुंद बुडाची रचना स्टाँटनची नाही. इंग्लिश बुद्धिबळपटू हॉवर्ड स्टाँटन १८४३ साली पॅरिसमध्ये फ्रेंच खेळाडू सेंट-अमांला ११-६ असा हरवून (४ डाव बरोबरीत) नावारूपाला आला. १ मार्च १८४९ रोजी हा नमुना लंडनमध्ये नॅथॅनियल कुकच्या नावावर नोंदवला गेला, मोहरी घडवली जेक्स कंपनीने. स्टाँटनने त्याला आपलं नाव दिलं आणि वर्तमानपत्रातल्या सदरातून वाखाणणी केली. जाहिरातच ती, पण माल खरा निघाला. त्याआधीची उंच, बारीक मोहरी धक्क्याने पडत, वजीर कोणता आणि उंट कोणता हेही पटकन कळत नसे. आपल्याकडे उंट म्हणून पाद्र्याची टोपी आणि हत्ती म्हणून बुरूज हलवावा लागतो, त्याला इलाज नाही.

आता तक्रारी. तिसऱ्या महिन्यात दोन प्याद्यांचं फेल्ट, म्हणजे बुडाखालचं मऊ कापड, सुटलं. सुताराचा पांढरा गोंद अगदी पातळ लावा, कडेपासून दोन मिलिमीटर सोडून, आणि मोहरं रात्रभर उभं ठेवा. गोंद जास्त झाला तर फेल्टमधून वर येतो, वाळून टणक होतो आणि पटावर ओरखडे काढतो.

पावसाळ्यानंतर काळ्या वजिराच्या बुडाला केसासारखी चीर गेली. लाकूड कोरड्या हवेत आक्रसतं, आतला धातू आक्रसत नाही, मग बूडच फाटतं. चीर वाढत नसेल तर तिला हात लावू नका, लांबी (पुट्टी) भरली तर पुढच्या पावसात ती बाहेर येते. संच खिडकीत किंवा पंख्याखाली उघडा ठेवू नका. ओलं फडकं तर नकोच, काळा रंग दिलेल्या स्वस्त संचात तो बोटांनाही लागतो. शिसमला ती अडचण नाही.

घोड्याचं तोंड मात्र जपा. लाकडाचे तंतू उभे आणि तोंड आडवं पुढे आलेलं, त्यामुळे पटावरून फरशीवर पडला की तिथेच कपचा उडतो. घोडा मानेला धरून उचला. पेटीत मोहरी एकावर एक ओतू नका, प्रत्येकासाठी खाचा असलेली पेटी थोडी महाग पडते, पण तीच घ्या. सुटा जादा घोडा रंगाला जुळणारा क्वचितच मिळतो. जादा वजीर मात्र संचाबरोबर मागून घ्या, दोन्ही रंगांचा एकेक.