प्लांट आरएनए किट : मोठा आरएनए एक नंबर, बारका गायब

परभणीला पीएचडी करायलो, कापूस आणि पाण्याचा ताण. त्यासाठी पानातून आरएनए काढायचा 50 सॅम्पलचा किट मागवला होता, कंपनीचं नाव घेत नाही पण घ्यायच्या आधी हे वाचा राव.

चांगलं आधी सांगतो. कपाशीच्या पानात फिनॉल आणि चिकटा लई, साध्या पद्धतीनं काढायला गेलं की ट्यूबमध्ये चहा दिसतो. ह्या किटनं पाण्यासारखं स्वच्छ आलं, तासाभरात काम खतम, जेलवर (तिथं आरएनए लांबीप्रमाणं वेगळा होतो) 25एस आणि 18एस ह्या मोठ्या रायबोसोमल आरएनएचे पट्टे ठळक. मी तर खूश.

पण मला पाहिजे होता मायक्रोआरएनए 169. जेमतेम 21 अक्षरांचा तुकडा, त्याच्यापासून प्रोटीन बनत नाही, पण एनएफ-वायए5 ह्या जीनचा एमआरएनए (प्रोटीन बनवायचा निरोप) हुडकून तो कापायला लावतो. अरॅबिडॉप्सिसमध्ये दाखवलंय की पाणी तुटलं की 169 घटतो, कापाकापी थांबते, एनएफ-वायए5 वाढतो आणि पानाची छिद्रं मिटतात. माझ्या वाळवलेल्या कुंड्यांत 169 जवळपास आलाच नाही, म्हटलं जमलं की! गाईडला दाखवायला निघालो आणि सहज रोज पाणी घातलेल्या कुंड्यांचा आकडा बघितला तर तिथं बी तेच, आणि ज्याच्यावर भरवसा ठेवून तुलना करायची तो यू6 हा दुसरा बारका आरएनए पण क्यूपीसीआरमध्ये (आरएनए किती आहे ते मोजायची पद्धत) 34 व्या सायकलला उगवायलाय, म्हणजे जवळपास नाहीच.

जेल परत बघितला. खाली जिथं टीआरएनए आणि 5एस हे बारके आरएनए दिसायला पाहिजे तिथं कोरं. मग पुस्तिका काढली, मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय, 200 अक्षरांच्या खालचा आरएनए कॉलमला (किटमधली गाळणीची नळी) धरत नाही. आणि डब्यावर 'टोटल आरएनए'!! टोटल कशाला म्हणतात मग?

डीलरला फोन केला तर म्हणे सर तुम्ही मायक्रोवाला किट घ्या ना. घ्या ना म्हणे, ह्याचे पैसे कोण देणार?

सीनियर म्हणला बाइंडिंगला इथेनॉल दीडपट टाक. टाकलं, बारका आला पण सोबत चिकटा बी आला, 260/230 (शुद्धतेचा आकडा) पार झोपला. शेवटी सीटॅबवर (किटशिवाय हातानं काढायची पद्धत) परत. फक्त लिथियम क्लोराइड टाकू नका, त्यानं बारका नीट खाली बसत नाही, इथेनॉलनं बसवा. दोन दिवस जातात पण पाणी घातलेल्या कुंडीत 169 दिसला एकदाचा.

साध्या जीनच्या क्यूपीसीआरला 4 स्टार, मायक्रोआरएनएला 1. माझ्याकडं 31 कॉलम पडून आहेत, कुणाला लागत असतील तर लॅबमध्ये येऊन घेऊन जा.