ठरवून केलेलं सिझर: तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ही सेवा कशी मिळते

गावात कोणाचं सिझर झालं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "नॉर्मल काहून नाही झाली?" या एका प्रश्नात दोन फार वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत पडतात. रात्री दोनला कळा अडल्या, बाळाचे ठोके उतरले आणि धावपळीत पोट उघडावं लागलं, हे एक सिझर. दोन-तीन आठवडे आधी तारीख घेतली आणि सकाळच्या यादीत पहिलं नाव लागलं, हे दुसरं. इथे पारख दुसऱ्याची आहे. तीही विदर्भातल्या उपजिल्हा रुग्णालयांत आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ग्रामीण रुग्णालयांत ते जसं मिळतं, तशी.

कळा टळतात म्हणून ते चांगलं, असं शहरातली मंडळी सांगतात. आपल्याकडे त्याचा मोठा फायदा वेगळाच आहे. भूल देणारा डॉक्टर तालुक्याच्या गावी मुक्कामी असेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी तो ठरल्या वारी किंवा बोलावल्यावर येतो. रक्तपेढी जिल्ह्याला, तालुक्यात फक्त साठवण केंद्र, म्हणजे फ्रीजमध्ये मोजक्या पिशव्या. आणि तिसरा रस्ता. धारणीहून अमरावतीला निघालं की सेमाडोह-परतवाड्याचा घाट उतरावा लागतो, अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. भामरागडात पर्लकोटा फुगली की पूल पाण्याखाली. तारीख ठरलेली असली की भूलतज्ज्ञ, रक्त आणि गाडी या तिघांना एका सकाळी एका जागी आणता येतं. कळा सुरू झाल्यावर रात्री ते जमेलच याची खात्री कोणी देत नाही.

शस्त्रक्रियेच्या दृष्टीनेही फरक आहे. तासन्‌तास कळा देऊन थकलेली बाई, पाणी जाऊन बारा-पंधरा तास झालेले, बाळाचं डोकं ओटीपोटात घट्ट रुतलेलं: अशा सिझरमध्ये गर्भाशयाचा छेद फाटत जाण्याची, रक्त जास्त जाण्याची आणि नंतर पू होण्याची शक्यता वाढते. ठरवलेल्या सिझरमध्ये यातलं बहुतेक टळतं. पोट भरलेलं नसल्यामुळे उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोकाही कमी.

पण ते कोणाला लागतं, हे आधी नीट बघावं. वार खाली सरकून गर्भाशयाचं तोंड झाकत असेल, मूल आडवं असेल, आधीची दोन सिझर असतील किंवा गर्भाशयावरचा आधीचा छेद उभा असेल, तर तारीख घेण्यातच शहाणपण आहे. मूल पायाळू असेल तर ३६-३७ आठवड्यांना बाहेरून हाताने फिरवून पाहता येतं; जवळपास निम्म्या वेळा ते जमतं. मात्र ते शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी, सोनोग्राफी लावून डॉक्टरनेच करायचं. गावातल्या सुईणीने पोट चोळायचं काम नाही हे. नाही फिरलं तर ठरवून सिझर. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, २६ देशांतल्या २,०८८ बायांच्या अभ्यासात बाळ दगावणं किंवा गंभीर इजा होणं ठरवलेल्या सिझरच्या गटात १.६ टक्के होतं, तर योनीमार्गे बाळंतपण ठरवलेल्या गटात ५ टक्के. आधीचं एकच सिझर आणि छेद आडवा असेल तर मात्र नॉर्मलचा प्रयत्न करता येतो. प्रयत्न करणाऱ्या दहापैकी सातेक जणींना तो साधतो. पण गर्भाशय उसवण्याचा धोका दोनशेत एखादीला असतो, म्हणून तोही जिथे टेबल आणि भूल तयार असेल तिथेच.

काहीच कारण नसताना, नुसत्या भीतीपोटी किंवा मुहूर्तापायी सिझर मागणाऱ्यांना ही सेवा आम्ही सुचवणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरात सरकारी दवाखान्यांतल्या बाळंतपणांत सिझर १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के निघालं. एवढी तफावत केवळ आडव्या मुलांमुळे पडत नाही.

तारखेचं गणित इथलं सगळ्यात कच्चं अंग. बाकी अडचण नसेल तर ३९ आठवडे पुरे झाल्याशिवाय ठरवून सिझर करू नये, कारण त्याआधी काढलेल्या बाळाला धाप लागण्याचं प्रमाण जास्त. छातीतलं पाणी जिरायला कळांची मदत मिळालेली नसते, मग बाळ काचेच्या पेटीत आणि आई वॉर्डात. वार खाली असणं किंवा आधीचा उभा छेद यांत ३६-३७ आठवडे धरतात, कारण वाट पाहणं जास्त महाग पडतं. आता हे ३९ मोजायचे कशावरून? पाळीची तारीख 'पोळ्याच्या नंतर' इतकीच आठवत असेल, तर पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफीच खरी. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीची तारीख दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकते. म्हणून तो पहिला, बहुतेकदा चुरगाळलेला कागद जपून ठेवा आणि तारीख देताना डॉक्टरांसमोर तोच आधी ठेवा. पंचांगातली चांगली वेळ ३८व्या आठवड्यात येत असेल तर ती बाळासाठी चांगली नाही, एवढं आजेसासूबाईंना कोणीतरी सांगितलंच पाहिजे.

तयारी खरी तिसाव्या आठवड्याला सुरू व्हायला हवी, कारण सिझरमध्ये अर्धा ते एक लिटर रक्त जातं आणि आपल्याकडच्या बाया आठ-नऊ हिमोग्लोबिनवर उभ्या असतात. ११च्या खाली म्हणजे रक्त कमीच. सिझरच्या दिवशी १०च्या वर असलं की भूलतज्ज्ञाचा जीव भांड्यात पडतो. लोहाची गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली की वाया जाते. लिंबूपाण्यासोबत, चहा-कॅल्शियमपासून दोन तासांच्या अंतराने घ्यावी. गोळीने भागत नसेल तर आयर्न सुक्रोजची सलाईन मिळते, पण तिचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. तारखेच्या चार दिवस आधी धावत जाऊन उपयोग नाही. मग रक्तच चढवावं लागतं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञाकडून तपासणी होते, तेव्हाच हे सगळं आशाताईला सोबत घेऊन विचारून ठेवावं.

सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात तर चुकवूच नये. वाहक बाईला सहसा अडचण येत नाही. पण आई आणि बाप दोन्हीकडून आलेला आजार असेल तर तालुक्यावर तारीख घेऊ नका. सेवाग्राम, नागपूर किंवा जिल्ह्याचं ठिकाणच गाठा. अशा बाईला थंडी वाजू देणं, तहानलेलं ठेवणं, प्राणवायू कमी पडू देणं, यातल्या कशानेही दुखण्याचा झटका येऊ शकतो. लोहही तपासल्याशिवाय देत सुटायचं नसतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर बाळाचा गट पाहून अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत लागतं. ते तालुक्यावर शिल्लक आहे का, हे आदल्या आठवड्यातच विचारा.

आदल्या दिवशी दुपारपर्यंत भरती व्हावं. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, सगळ्या सोनोग्राफी आणि आधीच्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड. दूरच्या आदिवासी पाड्यावरची बाई असेल तर काही प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या माहेरघरात आधीच येऊन राहता येतं. पावसाळ्यात तर तेच बरं. खालचे केस घरी ब्लेडने काढू नका. त्या बारीक जखमांतूनच टाके पिकायला सुरुवात होते. गरज असेल तर सिस्टर कात्रीने कापतात.

उपाशी राहण्याबाबत वॉर्डात अजून जुनीच सवय दिसते: रात्री बारापासून पाण्याचा थेंब नाही. खरं तर जेवण सहा तास आधी बंद (तेलकट-जड असेल तर आठ) आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ला टेकलेला असताना बाईला नऊ तास कोरडं ठेवणं, आणि भूलतज्ज्ञ उशिरा आला म्हणून तेच चौदा तास होणं, हा या सेवेतला सगळ्यात खटकणारा भाग. आदल्या संध्याकाळी सिस्टरला दोनच गोष्टी विचाराव्या: भूलवाले डॉक्टर नक्की येणार का, आणि पाणी किती वाजेपर्यंत चालेल.

टेबलावरचं काम मात्र बहुतेक ठिकाणी नेटकं असतं. सलाईन, लघवीची नळी, छेदाआधी तासाभरात अँटिबायोटिक. मग बसवून किंवा कुशीवर घेऊन कमरेच्या मणक्यात बारीक सुईने दोनेक मिलिलिटर औषध. पाच-दहा मिनिटांत पाय गरम आणि जड होतात. रक्तदाब उतरला की मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. लाजून गप्प राहू नये, लगेच सांगावं, औषध तयारच असतं. टेबल थोडं डावीकडे कलवतात, कारण भरलेलं गर्भाशय मोठ्या रक्तवाहिनीवर दाब देतं. ओढल्यासारखं जाणवतं, दुखत नाही. बाळ पाच-दहा मिनिटांत बाहेर. बाकी वेळ शिवण्यात जातो. दुसरं-तिसरं सिझर असेल तर आतलं चिकटलेलं सोडवत जावं लागतं, वेळ वाढतो. बाहेर बसलेल्यांनी तेवढ्याने घाबरू नये.

मूल पुरे झालं असेल तर त्याच छेदातून मुलं बंद करण्याचं ऑपरेशनही होतं. वेगळी भूल नाही, वेगळा टाका नाही. शेतमजुरी करणाऱ्या घरात दुसऱ्यांदा पंधरा दिवस मोडत नाहीत, हा फायदा लहान नव्हे. संमती मात्र कळांआधी, शांतपणे द्यायची. त्यासाठी नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. ते नको असेल तर तिथेच तांबी बसते आणि दहा वर्षं चालते. सहा आठवड्यांनी दाखवायला मात्र जावं.

यानंतर सेवेचे गुण घसरतात. पहिल्या तासात बाळ छातीला लागायला हवं, आणि तिथेच घोळ होतो: आईला टाके आहेत, दूध उतरलं नाही, म्हणून कोणीतरी मध चाटवतं, कोणी गूळपाणी. चिकाचं दूध चमचाभरच असतं आणि पहिल्या दिवशी तेवढंच लागतं. आईला कुशीवर घेऊन किंवा बाळाला बगलेखाली धरून पाजलं की टाक्यांवर भार येत नाही. हे दाखवायला सिस्टरला वेळ मिळतोच असं नाही, तेव्हा मागून घ्यावं.

सहा-आठ तासांनी कूस बदलून बसणं, दुसऱ्या दिवशी नळी काढून चालणं. झोपून राहिलं की पोट फुगतं आणि पायाच्या शिरेत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. एकच पोटरी सुजून दुखली तर लगेच सांगा. बसल्यावर वाढणारं आणि आडवं झाल्यावर थांबणारं डोकं दुखणं मणक्यातल्या सुईमुळे असू शकतं. पाणी, चहा, पॅरासिटामॉलने सहसा उतरतं, नाही उतरलं तर भूलतज्ज्ञाला दाखवा. 'पाणी दिलं तर टाके पिकतात' हे साफ खोटं. टाके पिकतात ते रक्त कमी असल्याने, साखर वाढल्याने, ओल राहिल्याने. पट्टी एक-दोन दिवसांत निघाली की साबण-पाण्याने धुवून कोरडं करायचं. हळद, राख, तेल काही नको. मुगाची खिचडी, कण्या, वरण-भाकर सगळं चालतं. बाजेखाली शेगडीचा शेक मात्र एप्रिल-मेत तरी बंद ठेवा. घामाने शिवण भिजते.

पैशाचं म्हणाल तर १ जून २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात शस्त्रक्रिया, औषधं, तपासण्या, रक्त, सिझरनंतर सात दिवसांपर्यंत जेवण आणि गावी परत सोडणारी गाडी, सगळं मोफत आहे. बाहेरून सुई-धागा आणायची चिठ्ठी मिळाली तर ती चिठ्ठी जपून वैद्यकीय अधीक्षकांना दाखवा. खासगीत जाणार असाल तर 'पॅकेज'मध्ये भूलतज्ज्ञ, बाळाचे डॉक्टर, औषधं आणि रक्त धरलंय का, हे कागदावर घ्या.

पाचपैकी गुण द्यायचे तर ठरलेल्या तारखेला साडेचार, टेबलावरच्या कामाला चार, उपाशी ठेवण्याच्या पद्धतीला दीड, दूध पाजण्याच्या मदतीला दोन. दहातल्या एखादीला तारखेआधीच कळा येतात. मग सकाळची वाट न बघता १०८ला फोन करायचा, काही न खाता निघायचं आणि फोनवरच 'आधीचं सिझर आहे, तारीख अमुक दिली होती' असं सांगायचं.

घरी आल्यावर सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही: गुंड नाही, कापसाची ओटी नाही, सोयाबीनचं पोतं तर नाहीच. ताप, टाक्यातून पाणी किंवा पू, घाण वासाचा स्राव, तासाला एक घडी भिजेल इतकं रक्त, यातलं काहीही दिसलं तर टाके काढायच्या आठव्या दिवसाची वाट पाहू नका. पुढचे दिवस किमान दीड-दोन वर्षांनी राहू द्यावे, आणि बाळंतपण ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणीच, कारण प्रत्येक सिझरनंतर वार जुन्या शिवणीत रुतण्याचा धोका वाढतो. आणि सुट्टी होताना डिस्चार्ज कार्डावर सिझर कशासाठी केलं आणि गर्भाशयावरचा छेद आडवा होता की उभा, या दोन ओळी डॉक्टरांकडून लिहून घेतल्याशिवाय १०२च्या गाडीत बसू नका. पुढच्या वेळी डॉक्टर दुसरे असतील, आणि पोटावरच्या वणावरून आतला छेद ओळखता येत नाही.